मोठीचा रुपया

आमच्या घरात तीन बायका होत्या आणि त्यातली एक रुपया होती. हसू नका. धुळ्यात आमच्या सोनारगल्लीत कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं. पहिली माझी आत्या. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. असोद्याला दिलेली, नवरा गेल्यावर भावाच्या घरी परत आलेली, आणि आल्या दिवसापासून घराच्या किल्ल्या कमरेला खोचून बसलेली. दुसरी माझी सावत्र आई. शिरपूरकडच्या खेड्यातली, अहिराणीशिवाय दुसरी भाषा तोंडात नसलेली. तिला सगळे धाकटी म्हणायचे, मी माय म्हणायचे. आणि तिसरी माझी सख्खी आई. मी धड बोलायला लागायच्या आधीच ती वारली, त्यामुळे माझ्या आठवणीत ती कायम धाकटीच्या गळ्यात आहे, काळ्या मण्यांच्या खाली, कडी लावलेल्या राणीछाप रुपयाच्या रूपानं. तिला सगळे मोठी म्हणायचे.

हल्लीच्या पोरींना हे सांगितलं की त्या तोंड वाकडं करतात. माझी नातसून म्हणाली, "म्हणजे सवतीचं भूत गळ्यात, आजी?" भूत कसलं डोंबलाचं! रीत होती ती. बिजवराला दिलेल्या मुलीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली मूर्ती, देव्हाऱ्यात देवांचे असतात तशी. नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला टेकवायचं आणि मग नेसायचं. सणाचा पहिला घास त्याला दाखवायचा. कपाळाला लावायच्या आधी कुंकवाचं बोट त्याला लावायचं. असं केलं की पहिली समाधानानं राहते, दुसरीच्या संसारात पाय घालत नाही, उलट तिच्या लेकराबाळांची राखण करते. नाही केलं तर काय होतं, ते कुणी पुरतं बोलत नसे. बायका नुसत्या "जाऊ दे व माय" म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

आता यातली गंमत बघा. माझे वडील, आबा, हे टाक ठोकण्यातच नावाजलेले. खंडोबा म्हणू नका, देवी म्हणू नका, कुणाचे वाडवडील म्हणू नका, पार चोपड्याहून माणसं त्यांच्याकडे यायची. आणि त्यांच्याच बायकोच्या वाट्याला ठोकलेला टाक नाही, तर बाजारात चालतो तो रुपया! लग्नात सूनमुख बघताना माझ्या आजीनं सुनेच्या हातावर ठेवलेला होता तो. आईनं तो कधी मोडला नाही म्हणे. ती गेल्यावर आबांनी त्यालाच कडी डाकली आणि दुसऱ्या लग्नात तो धाकटीच्या गळ्यात घातला. गल्लीतल्या बायका नाक मुरडायच्या. "नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा," असं एकदा पाणी भरताना मी माझ्या कानांनी ऐकलंय. मला वाटायचं, आईच्या हातची वस्तू म्हणून आबांना त्या रुपयाची माया जास्त.

आमचं घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. सकाळी कापसाच्या जिनाचा भोंगा झाला की गल्लीत हातोड्या सुरू व्हायच्या. कुणाची जड, कुणाची हलकी. आबांची तर इतकी हलकी, की आतून ऐकताना कोंबडी दाणे टिपतेय असं वाटावं. चुलीपुढे अक्का आणि माय. अक्काची सासरची माणसं असोद्याहून कुणी आली तर हिरवी वांगी घेऊन यायची, मग त्या दिवशी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. भरीत अक्काच करणार, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. "शिरपूरवाल्यांना वांगं भाजता येतं का?" असं ती मायला चिडवायची, आणि माय खाली मान घालून हसायची. पानं मांडली की मी मायच्या मांडीला मांडी लावून बसायचे. ती पहिला घास हातात घ्यायची, छातीवरचा रुपया दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरायची आणि म्हणायची, "मोठ्या बाई, पहिले तुम्हना, मंग आम्हना." मग तो घास माझ्या तोंडात. मला कळायला लागल्यापासून मी रोज असं आधी आईच्या वाट्याचं जेवले आणि मग माझ्या वाट्याचं. माझं अंग भरलेलं का होतं ते यावरून कळेल.

मी सोनाराची मुलगी. रुपयावर कोण असतं ते मला ठाऊक होतं. गल्लीतल्या आम्हा पोरींचा खेळच होता तो. कुणी गिऱ्हाईक पैसे ओतायला लागलं की लांबून चेहरे ओळखायचे. राणी म्हणजे अंबाडा, मुकुट आणि भरजरी पोलकं. तिच्यामागून आला तो बोडका राजा, त्याच्या डोक्यावर ना मुकुट ना केस. अक्का म्हणायची, "राज्यावर बसताना एवढंही डोक्यावर घालू नये का मेल्यानं?" त्याच्यामागून दाढीवाला. त्याच्या झग्यावर एक हत्ती काढला होता, पण सोंड अशी आखूड की लोकांना ते डुक्करच वाटलं. केवढा गवगवा झाला म्हणे, मुसलमान व्यापारी तो रुपया हातात घेईनात. शेवटी सरकारनं हत्तीची सोंड सुधारून पुन्हा ठसा पाडला. हे आबांनीच आम्हाला सांगितलेलं. ते रुपया उन्हात धरून ठसा बघत, ज्यानं कोरला त्याच्या हाताला चांगलं म्हणत किंवा शिव्या घालत. पुढे स्वराज्याच्या सुमाराला चांदीचा कणही नसलेला रुपया आला, एका अंगाला राजा आणि दुसऱ्या अंगाला वाघ. तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "वाघ बरा. वाघाकडे बघून कुणाची आठवण होत नाही."

तर राणी कशी दिसते ते मला ठाऊक होतं. पण मायच्या गळ्यातला रुपया राणीसारखा राहिलाच नव्हता. रोजचं कुंकू, दर सणाला चिंचेनं घासणं, दिवसभर चोळीवर घासटणं. मुकुट केव्हाच गेला होता. नाक बोथट झालं होतं. पोलक्यावरची नक्षी बोटाला लागत नव्हती. उरला होता एक बाजूला वळलेला बायकी चेहरा, गाल आणि हनुवटी. लहानपणी एकदा मी तो हातात धरून आबांना विचारलं, "आई अशी होती का?" त्यांनी हातोडी थांबवली, रुपयाकडे बघितलं आणि म्हणाले, "हनुवटी अगदी अशीच." बस, एवढंच. पण मला ते पुरलं. घरात फोटो नव्हता. आजोळ चोपड्याचं, पण आजी-आजोबा गेलेले, आणि मामा इंदूरला गिरणीत जाऊन हरवल्यासारखाच. आई म्हणून माझ्याकडे होती ती तेवढी हनुवटी. मी मायच्या कुशीत झोपायचे तेव्हा अंगठ्यानं ती चाचपत झोपायचे.

मग लढाई आली. आमच्या गल्लीत ती आली ती दवंडीनं. राणीछाप रुपया यापुढे चालायचा नाही, ज्यांच्याकडे असतील त्यांनी सरकारात भरावेत. नवा रुपया आला त्यात चांदी निम्मी. त्यावर दाढी नसलेला गुळगुळीत राजा, आणि नकली पाडता येऊ नये म्हणून किनारीत एक खाच फिरवलेली. आबांच्या दुकानापुढे तेव्हा जी गर्दी झाली ती मी जन्मात विसरणार नाही. खेड्यापाड्यांतल्या बायका गळ्यातल्या रुपयांच्या माळा घेऊन यायच्या, "कड्या काढून दे रे भाऊ" म्हणून. आबा एकेक कडी उतरवायचे आणि त्या मुकाट बघत राहायच्या. एका म्हातारीनं कडी उतरवलेला रुपया परत हातात घेऊन त्याचा मुका घेतला. त्या दिवसांत आबांना जेवण जात नव्हतं.

मायच्या गळ्यातल्या रुपयाबद्दल तेव्हा कुणी काही बोललं नाही. तो थोडाच बाजारात जाणार होता! पण त्याच दिवसांत माय गरोदर होती, आणि चौथ्या महिन्यात तिचं पोट पडलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. अक्का तिचं सगळं करायची, पाणी तापवायची, पेज भरवायची, पाय चेपायची. खोटं कशाला बोलू, अक्का वाईट नव्हती. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं, आणि भावाच्या घरात पाळणा हलावा म्हणून तिनं सप्तशृंगीला नवस बोलून ठेवले होते. पण पेज भरवता भरवता तिची नजर त्या रुपयावर जायला लागली. आणि एक दिवस ती आबांना म्हणाली, "मले तं वाटतं भाऊ, या रुपयानंच घात केला. सरकारनं ज्याचा मान काढला, त्याच्यात मोठी कशाला थांबेल? ती गेली निघून. आणि जाताना रिकाम्या हातानं गेली नाही."

आबा म्हणाले, "अक्का, तिचा आणि सरकारचा काय संबंध?"

"संबंध कसा नाही? तूच तिला सरकारच्या रुपयात बसवलं. टाक ठोकला असता तर आज ही वेळ आली असती का?"

आज मला हे सगळं आठवून हसू यायला पाहिजे, मी चार बुकं शिकलेली बाई आहे. पण येत नाही. कारण मायनं ते ऐकलं, आणि तिच्या डोळ्यांत जी भीती बसली ती खरी होती. तिनं गळ्यातला रुपया त्या दिवसापासून चोळीच्या आत टाकला. आणि मी, आठ-नऊ वर्षांची पोर, माझ्या मनात एकच आलं, की आता आईला घरातून काढणार.

दुसऱ्या खेपेला मायला दिवस राहिले तेव्हा अक्कानं हट्टच धरला. टाक बदलल्याशिवाय हिला पाचवा महिना लागू द्यायचा नाही. आबांनी आधी पळवाट काढली. चालता रुपया, गुळगुळीत राजाचा, घेऊन त्याला कडी डाकली आणि मायपुढे धरला. माय एरवी आबांपुढे बोलत नसे. पण त्या दिवशी ती मागे सरकली. "हाई काय? हाऊ तं माणूस शे! माले गयामा परका माणूस बांधानं का? लोके काय म्हनतीन?" अक्कालासुद्धा हसू आवरेना. "अरे भाऊ, सवतीच्या जागी दादला आणलास की रे!" घरात किती तरी दिवसांनी सगळे हसलो. आबाही हसले. पण मग अक्का डोळे पुसत म्हणाली, "झाली थट्टा. आता टाक ठोक. चांदी तीच घे, मोठीच्या अंगाची, म्हणजे तिला परकं वाटायचं नाही. रुपया आटव आणि त्याचा टाक कर."

मी रडून आकांत मांडला. तो आटवायचा नाही म्हणून मी मायच्या गळ्याला मिठी मारली. माय मला थोपटत होती आणि तीही रडत होती. तिला पोटातलं हवं होतं आणि मला दुखवायचं नव्हतं, ती तरी काय करणार? शेवटी आबा मला उचलून दुकानात घेऊन गेले. मला मांडीवर बसवून म्हणाले, "मथे, रुपया गेला तर आई जाईल असं वाटतं ना तुला? मी तिचा चेहरा ठोकून देतो. खराखुरा. मग तर झालं?" मी डोळे पुसले. म्हटलं, "मग आधीच का नाही ठोकला?"

आबा कितीतरी वेळ शेगडीतले निखारे हलवत राहिले. मग जे म्हणाले ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. "मला तिचा चेहरा आठवत नाही गं," ते म्हणाले. "घरात आई-बाप, काका, सगळे. दिवसा बायकोकडे मान वर करून बघायची सोय नव्हती. ती वाढायला यायची तेव्हा पदर इथपर्यंत. हनुवटी तेवढी दिसायची. ती गेली आणि मी टाक ठोकायला बसलो, तर हातात काही येईना. तीनदा पत्रा फुकट घालवला. मग तो रुपया दिसला, त्याची हनुवटी तशी होती." एवढा मोठा माणूस, साऱ्या देवांचे चेहरे त्यांच्या हातात, आणि माझ्यापुढे बसून ते लहान मुलासारखे रडले. मी काय करणार होते? मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, बस.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. निरखून बघितलं, ठसा बघायचे तसं. "लोक म्हणतात तू आईवर गेलीस," ते म्हणाले. "बस अशी. उजेडाकडे तोंड कर." त्यांनी रुपया मुशीत टाकला, चांदी लवकर वितळावी म्हणून टाकणखार घातला, फुंकणी लावली. मी तोंड उजेडाकडे ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. आधी कडी गेली. मग गाल लाल झाला, हनुवटी थोडा वेळ राहिली, आणि मग नुसता एक थरथरता गोळा. चांदी ओतली, ठोकून पत्रा केला, तो हलू नये म्हणून राळेवर बसवला, आणि आबा कामाला लागले. दुपारभर मी हललेही नाही. मान अवघडली, पाय बधिर झाले, तरी नाही. मला वाटत होतं, मी हलले तर आई बिघडेल.

टाक सुंदर झाला. आबांच्या हातून तसा पुन्हा उतरला नाही. अक्कानं हळदकुंकू काढलं, खीर केली, मायला पाटावर बसवलं, आणि आबांनी तो तिच्या ओंजळीत ठेवला. मायनं त्याला कुंकवाचं बोट लावायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. ती टाकाकडे बघे आणि माझ्याकडे बघे. "हाई तं आपली मथी शे," ती म्हणाली.

"मोठीच ती," अक्का म्हणाली. "लेक आईसारखी दिसते, त्यात काय?"

"नही अक्का. ह्या मथीनाच डोया शेत, मथीनंच नाक शे. जित्ती पोर शे ती. तिना टाक मी कसा बांधू?"

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं आबांनी काय करून ठेवलंय ते. माणसाचा टाक असतो तो मेलेल्याचाच. जिवंत माणसाचा टाक पुजला तर त्याचं आयुष्य सरतं, हे आमच्यात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. जगातला दुसरा कुठलाही बाप ही चूक करणार नाही, टाक ठोकणारा माझाच बाप ती करू शकत होता. "माझ्या लक्षातच आलं नाही," एवढंच आबा पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. अक्कानं त्यातूनही वाट काढली. मोठी म्हणून पुजलं की ती मोठीच, चेहऱ्याचं काय एवढं, मन शुद्ध पाहिजे. ती मायच्या पायाशी बसली, पोटावर हात ठेवून म्हणाली, "याच्यासाठी तरी घाल व माय." माय नाही म्हणाली. अक्काला ती याआधी कधी नाही म्हणाली नव्हती. अक्कानं पोटावरचा हात काढून घेतला. टाक तांबड्या फडक्यात बांधून देव्हाऱ्यामागे ठेवला. आबांनी दुसरा ठोकायला घेतला. पण जो चेहरा उठे तो माझाच उठे.

मायचा गळा तसा मोकळाच राहिला, आणि मोकळ्या गळ्यानं ती बाळंत झाली. मुलगा झाला. गोरा, गुटगुटीत, हसरा. अक्कानं गल्लीभर पेढे वाटले. त्याच सुमारास तो भोकाचा पैसा निघाला, तांबं वाचवायला मधूनच कोरलेला. अक्का म्हणाली, "आता सरकारनं पैशाचंही नाक टोचलं!" मी तसले पैसे काळ्या दोऱ्यात ओवून बाळाच्या पाळण्यावर टांगले, आणि ते वाजले की तो पाय झाडायचा. मी शाळेतून आले की तो मायच्या कडेवरून माझ्याकडे झेप घ्यायचा. मला वाटायला लागलं होतं की झालं ते सगळं बायकांचं काहीतरीच होतं.

बाळ बसायला लागलं आणि त्याला ताप आला. उतरे, पुन्हा चढे. डॉक्टर आले, ते म्हणाले हिवतापाचं औषध सगळं लढाईवर जातंय, मिळेल तिथून आणा. आबा जळगावला जाऊन आले, हात हलवत. वैद्याचा काढा झाला, दृष्ट काढून झाली. आणि अक्का देव्हाऱ्याकडे बघायला लागली. ती मला काही बोलली नाही, देवाशप्पथ सांगते, एक शब्द नाही. पण मी खोलीत आले की ती बोलायची थांबायची. मला कळत होतं ना! बाळाला राखायला मोठी नव्हती. मोठी नव्हती कारण टाक गळ्यात नव्हता. टाक गळ्यात नव्हता कारण मी जिवंत होते. दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात हा हिशोब बसला की तो कुणी काढू शकत नाही. मी देवाला सांगून बघितलं, की मला ने म्हणजे सगळं बरोबर होईल. तोही ऐकेना.

एका सकाळी बाळाचे डोळे फिरले. अक्का ओरडली, आबा डॉक्टरांकडे धावले. मी देव्हाऱ्यामागचं फडकं काढलं, टाक घेतला आणि मायपुढे धरला. "बांध ना व माय," मी म्हटलं, "माले काहीबी व्हत नही. बांध ना!" मायनं बाळ मांडीवरून उचलून खांद्याशी धरलं आणि मोकळ्या हातानं माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात तेवढीच एकदा. टाक हातातून उडून भिंतीशी गेला. "फिरीसन असं बोलशी तं देखजो," ती म्हणाली, आणि त्याच हातानं मला ओढून जवळ घेतलं. तिच्या एका खांद्यावर बाळ जळत होतं आणि दुसऱ्या खांद्यावर मी. टाक तिथंच पडला होता, हात लांब केला असता तर मिळाला असता. तिनं त्याच्याकडे बघितलं, हे मी पाहिलं. अक्का दारात उभी राहून म्हणत होती, "धाकटे, अजून वेळ आहे व." मायनं डोळे मिटून घेतले. डॉक्टर यायच्या आत बाळ गेलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका बसायला आल्या. मी दाराआड उभी होते, आत जायची माझी छाती होत नव्हती. कोपऱ्यावरच्या रंगूकाकू सुस्कारा टाकून म्हणाल्या, "टाक घरात असून गळ्यात घातला नाही म्हणे. काय म्हणावं? स्वतःच्या पोटच्यापुढे कुणी सवतीची पोर बघतं का?" माय भिंतीला टेकून बसली होती, आवाज रडून रडून गेलेला. पण बोलली ते सगळ्यांना ऐकू गेलं. "दोन लेकरे व्हतात माले. एक देव लई गया. दुसरं मी उचलीसन देऊ का?"

अक्कानं तोंडाला पदर लावला. रंगूकाकू उठून गेल्या. मी बसलेल्या बायकांमधून वाट काढत आत गेले. मायचं दूध अजून उतरत होतं, चोळी ओली होऊन अंगाला चिकटली होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, नुसती थोडी बाजूला सरकली, आणि मी तिच्याजवळ जाऊन बसले.